फज्जाचा नियम

माह्या तोंडाले कुलूप नाही, हे अकोल्याच्या जुन्या शहरात कोणालेही विचारा. अब्बा म्हणत, पिंजायची मशीन बंद पडली तरी फिकीर नाही, दुकानात आवाज करायले निखत हाय. म्हणून ही गोष्टही मी रागातच सांगणार, आधीच सांगून ठेवते. राग कोणावर, ते मात्र मले अजून ठरवता आलं नाही. कधी नईमवर येते, कधी कुंदनवर, कधी त्या वीस तोंडाच्या फाशावर. फाशावर राग धरून काय होते बाप्पा, पण येते.

आमचं गादीघर. नबी गादीवाले म्हटलं की मोर्णा नदीच्या पुलापासून कोणीही आणून सोडते. खाली दुकान, वर घर. लग्नाच्या आधी खेड्यावरचे लोक घरचा कापूस गाठोड्यात बांधून आणत आन पोरीसाठी गादी भरून नेत. मी सांगते त्या वर्षांत गाठोडे कमी झाले होते. कोणाचं लग्न पुढं ढकललेलं, कोणाचा कापूस बोंडातच गेलेला. पेपर उघडला की जिल्ह्यातल्या कोण्यातरी गावच्या गेलेल्या शेतकऱ्याचं नाव छापून आलेलं राहे, आन अब्बा पेपर घडी करून बुडाखाली ठेवत. शुक्रवारी दुपारून दुकान बंद. अब्बा नमाज पढून आले की वर जाऊन झोपत, आन मागच्या खोलीत, कापसाच्या ढिगात, आमी चौघं खेळाले बसत असो.

खेळ काय, ते सांगते. आमचा आतेभाऊ सरफराज पुण्याले इंजिनिअरिंगले होता. त्यानं एका पुस्तकाचे झेरॉक्स आन फाशाची एक थैली आणून देली. या खेळात पट नाही, सोंगट्या नाही. एक जण मास्तर. तो गोष्ट सांगते: समोर जंगल हाय, जंगलात नदी हाय, नदीच्या पल्याड कोणीतरी दबा धरून बसला हाय. बाकीच्याईनं एकेक सोंग घेऊन त्या गोष्टीत घुसायचं आन मी आता हे करतो, ते करतो, असं सांगायचं. काही अवघड काम असलं, बाण मारायचा, भिंत चढायची, की वीस तोंडाचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला त काम फत्ते, लहान पडला त नाही. फासा कापसात हरपते म्हणून अम्मीची परात मधात ठेवत असो. परातीत फासा पडला की असा खणखणाट होये का वरून अम्मी ओरडे, "नईम, बर्तन फोडून राहिला का?"

मास्तर नईम, माहा लहान भाऊ. घरात आमी आमची हिंदी-उर्दू बोलतो, पण खेळ चाले वऱ्हाडीत, कारण बाकीचे दोघं हर्षा आन कुंदन. "कोन हाय बे तथी?" असं नईमचा राक्षस गुहेतून विचारे आन आमी हसून हसून कापसात आडवे.

हर्षा माही कॉलेजातली मैत्रीण. तिच्या घरचा झेंडू-शेवंतीचा मळा, बाप सकाळी फुलं घेऊन अकोल्याच्या बाजारात बसे. बोलणं कमी, पण गणितात पक्की. खेळात ती सोनई नावाची वैदीण होती, जखमी माणसाले काढा पाजून उभं करणारी. मी बिजली नावाची चोरटी. आता मले चोरटीच बनवणार, दुसरं काय सुचन नईमले! आन कुंदन म्हणजे रायभान तिरंदाज. कुंदन हिवरखेडचा. घरचा पानमळा. दर शुक्रवारी एसटीनं विड्याच्या पानाचे डाग, म्हणजे बांधलेल्या करंड्या, घेऊन अकोल्याच्या व्यापाऱ्याकडे येई आन तिथून सरळ आमच्याकडे. पानमळ्यात चप्पल घालून जात नाहीत, ती सवय त्याच्या आंगात इतकी मुरली होती का आमच्या गादीघरातही तो चपला बाहेर काढे आन कापसाले पाय न लागू देता, आंग चोरून एका कोपऱ्यात बसे.

आता नियमाचं. पुस्तकात साधं लिहिलं होतं, का फाशावर एक पडला म्हणजे नेम चुकला. बस, चुकला. पुढच्या पाळीले परत मार. नईमले ते मिळमिळीत वाटलं. त्यानं स्वतःचा नियम काढला आन त्याचं नाव ठेवलं फज्जा. एक पडला की नुसतं चुकणं नाही, काहीतरी वाईट व्हायलेच पाहिजे. फासा परत टाकायचा, दुसऱ्यांदा जेवढा लहान आकडा तेवढं नुकसान मोठं. सुरुवातीले लय मजा आली. माही बिजली आपल्याच दोरीत पाय अडकून उलटी लटकली. रायभानच्या धनुष्याची दोरी तुटून सटकन त्याच्याच नाकावर बसली. नईम असे एकेक फज्जे रंगवून सांगे का पोट दुखे. आन कोणी कुरकुर केली, परत टाकू का म्हटलं, की आमी तिघं-चौघं एका सुरात ओरडत असो, "पडला तो पडला!"

पण रायभान जसा जसा हुशार होत गेला तशी गंमत बिघडत गेली. तो एका पाळीत तीन बाण मारायले लागला. तीन बाण म्हणजे तीन वेळा फासा. एक दिवस हर्षा म्हणाली, "नईम, हा नियम चुकीचा हाय. बिजली एकदा फासा टाकते, रायभान तीनदा टाकते. म्हणजे जो जास्त शिकला त्याचाच फज्जा जास्त. नवशिक्या पोट्ट्यापेक्षा उस्ताद तिरंदाज जास्त वेळा स्वतःच्या माणसाले बाण मारते, हा कोणता न्याय?"

"तीन बाणाचा फायदा घेते ना तो?" नईम म्हणाला. "मंग तोटाही तीनदा."

मी म्हटलं, "हर्षा बरोबर बोलते. काढून टाक."

पण कुंदननंच मान हलवली. "राहू द्या. बरोबर हाय त्याचं. जो जास्त करन त्याचंच जास्त जाईन ना. आमच्याकडं ज्यानं दोन मळे लावले त्याचे दोन्ही बसले. एक लावला त्याचा एकच बसला." हे तो रडून नाही सांगत होता, हसूनच सांगत होता. पानवेलीले मर लागली की आठवड्यात मळा उभ्याचा आडवा होते, हे त्यानं मले आधी सांगितलं होतं. त्यामुळे मीही चूप बसली.

ईदले सरफराज पुण्याहून आला तेव्हा एक शुक्रवार आमच्यासंग बसला. कुंदनच्या फाशावर एक पडला, नईमनं फज्जा सांगितला, आमी माना हलवल्या, आन सरफराज आमच्या तोंडाकडं पाहतच राह्यला. "अरे, एक पडला त फक्त बाण चुकते," तो म्हणाला. "तुमी लोक एकदा चुकलं की सरळ मारूनच टाकता का?" तेव्हा मले त्याचा राग आला होता. आला मोठा पुण्याचा शहाणा, असं वाटलं. आता वाटते का तेवढं एकच वाक्य आमच्यापैकी कोणी ऐकून घेतलं असतं त बरं झालं असतं. आमी सगळे त्या वर्षांतलेच लेकरं. एक पाऊस हुकला, एक बियाणं फुसकं निघालं, का सगळंच गेलं, हे पाहत मोठे झालेले. आमाले तो नियम खोटा वाटलाच नाही.

दुसरा एक नियम होता आन तो माह्या तोंडामुळं निघाला होता. एकदा माही बिजली विहिरीत पडून मेली. मेली त मेली, पण मी काही चूप बसली नाही. "अरे डावीकडं जा, तथी दरवाजा हाय, हर्षा तू कावून थांबली," असं माहं चालूच. शेवटी हर्षा वैतागली आन म्हणाली, "मेलेल्या माणसानं बोलायचं नाही. हाताची घडी, तोंडावर बोट. नईमनं 'मोहीम बस' म्हणून खेळ थांबवल्याशिवाय एक शब्द नाही." सगळ्याईनं टाळ्या वाजवल्या आन नियम झाला. हर्षाचा शब्द म्हणजे शब्द. तिची सोनई एकदा वाघानं मारली होती तेव्हा ती संध्याकाळपर्यंत अशी मुकी बसली होती का चहा पाहिजे का विचारलं तरी नुसती मान हलवली.

आता असली गोष्ट. खेळाच्या बाहेर कुंदन हर्षाले "तुमी" म्हणे. "तुमी कोणत्या गाडीनं आल्या?" "तुमच्याकडं शेवंती निघाली का?" बस, एवढंच. तेही जमिनीकडं पाहून. पण रायभान सोनईले "तू" म्हणे. "सोनई, तू माह्या मागं राह्य." "सोनई, तुले लागलं त नाही?" आन हर्षाचं पाहाल तर माही बिजली रक्तात न्हाऊन निघाली असली तरी सोनईचा पहिला काढा रायभानले. मी आंधळी नाही. नईम मात्र होता, राक्षसाच्या नादात त्याले काही दिसे नाही.

हर्षाले अमरावतीचं स्थळ आलं. पोरगा नोकरीवाला, सरकारी ऑफिसात. त्या वर्षांत आमच्या भागात प्रत्येक बापाची एकच अट, वावरवाला, शेतीवाला नको. ज्याचं स्वतःचं वावर होतं तो बापही हेच म्हणे. हर्षाचा बापही तोच. रविवारी पाहुणे येऊन सुपारी फोडणार, असं ठरलं. त्याच्या आधीचा शुक्रवार म्हणजे आमचा शेवटचा खेळ. नईमनं त्यासाठी मोठी तयारी केली होती. चार वर्षांपासून आमी ज्या किल्ल्याच्या दिशेनं चाललो होतो, त्याचा दरवाजा त्या दिवशी उघडणार होता.

त्या शुक्रवारी कुंदन लवकर आला. नईम नमाजले गेलेला, हर्षा यायची होती. बराच वेळ कापसाचे पुंजके करत बसला. मंग म्हणाला, "आपा, एक सांगू का? पण पहिले माह्या मायची शपथ घ्या, कोणाले बोलणार नाही. नईमलेही नाही."

मी म्हटलं, "घेतली. बोल."

"किल्ल्यात पोचलो की रायभान सोनईले विचारणार हाय."

"काय विचारणार हाय?"

तो लाल झाला. मी मुद्दामच विचारलं होतं. मंग मीच म्हटलं, "अरे येड्या, रायभानले कावून मधात घेते? तुले तोंड नाही का? आता येईन ती, सरळ विचार ना."

"मले नाही जमणार," तो म्हणाला. "मी तिले कोणत्या तोंडानं म्हणू, का नोकरीवाला सोड आन माह्या मळ्यात ये? रायभानले जमन. तिनं नाही म्हटलं तरी खेळातलंच होईन ते. तिलेही अवघड नाही, मलेही नाही. हौ म्हटलं त..." चार वर्षांत त्याच्या तोंडावर असा उजेड मी पाह्यला नव्हता. मी त्याले दोन शिव्या हासडल्या आन म्हटलं, विचार बाबा, कसंही विचार, पण विचार.

नईम आला, हर्षा आली. हर्षा त्या दिवशी हिरवी साडी नेसून आली होती, घरी रंगीत तालीम चालली असन. नईमनं गोष्ट चालू केली. किल्ल्याचा दरवाजा, दरवाज्यावर एक राखणदार, लोखंडाचा. लढाई जबर झाली. रायभान पडता पडता वाचला, आन सोनईनं आपली सगळी ताकद घालवून त्याले उभं केलं. तिच्यात आता काहीच उरलं नव्हतं, कोणी धक्का मारला तरी मरन, अशी हालत. राखणदारही टेकीले आलेला. कुंदनची पाळी. तीन बाण.

पहिला लागला. दुसरा लागला. राखणदार गुडघ्यावर आला. मी मनात म्हणून राह्यली, झालं, आता दरवाजा उघडते, आता हा विचारते. तिसरा फासा परातीत खणखणला, काठाले लागून फिरला आन थांबला.

एक.

कोणीच हसलं नाही. नईमनं हळूच म्हटलं, "फज्जा. परत टाक." कुंदननं टाकला. दोन. दोन म्हणजे बाण आपल्याच माणसाले, आन सगळ्यात जवळ उभी कोण, त सोनई.

"मेली?" हर्षानं विचारलं.

नईमनं मान खाली घातली. "मेली."

मी उठूनच उभी राह्यली. "ए नईम, हे चालणार नाही! शेवटचा खेळ हाय. परत टाकू दे त्याले!" शपथ घातली नसती त मी तिथंच सगळं ओकली असती. जीभ दातात धरून ठेवली होती मी, खरंच सांगते. आन नईम तयार झाला. हे त्याच्याबद्दल सांगायलेच पाहिजे, कारण दोषही मी त्याले देते. तो म्हणाला, "जाऊ दे यार, नियम माहाच हाय, मीच मोडतो. कुंदन, टाक परत."

कुंदननं फासा हातात घेतला. पाह्यलं त्याच्याकडं. आन परातीत ठेवून देला, टाकला नाही, नुसता ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "आजवर सगळ्याईले लावला, मंग आज माह्यासाठी कावून मोडायचा? पडला तो पडला."

"अरे बयताडा!" मी ओरडली. पण त्याचं ध्यान माह्याकडं नव्हतंच. हर्षानं हाताची घडी घातली होती, तोंडावर बोट ठेवलं होतं. तिचाच नियम.

नईमनं कसंतरी पुढं रेटलं. माह्या बिजलीनं राखणदाराले संपवलं, दरवाजा उघडला. नईम म्हणाला, "आत अंगण हाय, मोठं. कोणीच नाही. रायभान काय करते?"

"रायभान तिले उचलते," कुंदन म्हणाला. "आत नेते. खाली ठेवते. आन बोलते तिच्यासंग."

"बोल," नईम म्हणाला.

कुंदन परातीकडं पाहून बोलला. एकदाही मान वर केली नाही त्यानं. "सोनई, तुले अथपर्यंत आणून विचारायचं होतं. माह्याजवळ काही नाही. एक मळा हाय, तोही कधी बसन सांगता येत नाही. तुह्या बापानं नोकरीवाला पाह्यला, त्यात त्याचं काही चुकलं नाही. मी पोरीचा बाप असतो त मीही तेच केलं असतं. पण चार वर्षं शुक्रवार आला की मी सकाळपासून गाणं म्हणत पानं खुडत होतो. माय विचारे, आज काय हाय रे? मी म्हणो, काही नाही, अकोल्याले जायचं हाय. तू हौ म्हटलं असतं त मी तुले कधी मळ्यात एकटी राबू देली नसती. एवढंच होतं."

नईम म्हणणार होता, "रायभानचा मळा कुठी हाय?" त्याचं तोंड उघडलंही होतं. मंग त्याले समजलं. त्याचं तोंड तसंच उघडं राह्यलं.

मी हर्षाकडं पाह्यलं. तिच्या डोळ्यातून धारा लागल्या होत्या, हिरव्या पदरावर टपटप पडून राह्यल्या होत्या, आन बोट तोंडावरच. कुंदनले हे दिसलंच नाही. त्यानं थोडा वेळ वाट पाह्यली. मंग तो उठला. "अकोटवरून गावची गाडी हाय," म्हणाला, "चुकली त लय उशीर होते." चपला घातल्या आन गेला.

"नईम, बस म्हण!" मी त्याच्या पाठीत बुक्की घातली. "मोहीम बस म्हण ना बे!" त्या गाढवाले सुचेचना. "बस," तो शेवटी म्हणाला, "मोहीम बस." मी गल्लीत धावली. पुलापर्यंत गेली, दुपट्टा खांद्यावरून लोंबत, लोक पाहून राह्यले. तो दिसला नाही. ऑटोत बसला असन.

परत येऊन मी हर्षावर तुटून पडली. "अवं, जीभ झडली होती का तुही? मेली ती सोनई मेली, तू त जिवंत होती ना!"

"आधी सांग," ती म्हणाली, "ते खेळातलं होतं का खरं?"

शपथ गेली चुलीत. "खरं होतं. तुलेच विचारत होता."

तिनं डोळे पुसले. मंग हसली, पहिल्यांदा त्या दिवशी. "मले वाटलंच. पण वाटलं, मी मधात बोलली आन ते खेळातलंच निघालं त? रविवारी माही सुपारी हाय निखत, मी कोणत्या तोंडानं..." "आता बोलला हाय ना तो? मंग येईन. उद्या येईन. आज चुकलं त उद्या परत विचारन. या वेळेस मी जिवंत राहीन."

"आन आला त?"

"आला त मी बाबाले सांगीन. मार खाईन, पण सांगीन."

शनिवारी सकाळीच ती आमच्याकडं आली. मी हिवरखेडले फोन लावला. कुंदनकडं फोन नव्हता, शेजारच्या किराणावाल्याचा नंबर होता. आता किराणावाल्याले काय सांगणार, का हर्षा वाट पाहून राह्यली? अर्ध्या तासात गावभर झालं असतं. मी म्हटलं, "नबी गादीवाल्याकडून बोलते, कुंदनले म्हणा आजच्या आज अकोल्याले ये." तो म्हणाला, सांगतो. हर्षा मागच्या खोलीत कापसाच्या ढिगाले टेकून बसली. गाडी यायची वेळ झाली की उठून बसे, मंग परत टेके. अम्मीनं जेवायले वर बोलावलं, गेली नाही. नईम दोनदा बसस्टँडवर जाऊन आला. संध्याकाळी ती उठली, साडीचा कापूस झटकला आन घरी गेली. रविवारी सुपारी फुटली.

लग्नाले मी गेली होती. हर्षा आता अमरावतीले असते. मी कापड घ्यायले जाते तेव्हा कधी कधी तिच्या घरी जाते. नवरा बरा हाय, दोन लेकरं हाय, घरात कुलर हाय, सासू कटकट करत नाही. कुंदनचं नाव ती काढत नाही आन मी काढत नाही. माह्यासारखी बाई नाव काढत नाही, म्हणजे समजून घ्या. नईम परत कधी त्या खेळाले बसला नाही. सरफराजनं दोनदा विचारलं, त्यानं दुसराच विषय काढला.

कुंदनचं अकोल्याले येणं मधात बंदच झालं होतं. त्याचा मळा दोन वर्षांनी बसला, आता तिथं सोयाबीन हाय. लग्न नाही झालं. पोरी पाह्यल्या, नाही असं नाही, पण वावरवाल्याले कोण देते? हे सगळं मले हिवरखेडच्या दुसऱ्या गिऱ्हाइकांकडून समजे. मंग मागच्या हिवाळ्यात एक दिवस तो दुकानात आला. बहिणीच्या पोरीचं लग्न होतं, गादी भरायची होती. डोक्याचे केस गेले होते. चपला बाहेर काढून आत आला. मी आता दुकान चालवते, अब्बा वरूनच आवाज देतात.

थोडं इकडचं तिकडचं झालं. पाणी देलं, चहा देला. तो म्हणाला, "आपा, त्या शनिवारी तुमचा निरोप आला होता. मायनं गादी टाकली होती ना तुमच्याकडं, मले वाटलं ती भरून झाली असन. म्हटलं, गादीले काय घाई हाय."

माह्या डोक्यात तिडीक गेली. "गादीसाठी आजच्या आज ये म्हणन का कोणी?"

"हौ, तेही वाटलं," तो म्हणाला. "खरं सांगू का? समजलं असतं तरी आलो नसतो. विचारून झालं होतं. एक पडला होता. तिनं काही म्हटलं नाही, मी समजलो."

मी नाही बोलायले पाहिजे होतं. इतके वर्षं नाही बोलली, अजून एक दिवस नसती बोलली त काही बिघडत नव्हतं. पण त्या "समजलो" नं माहं टाळकं फिरलं. "काय समजला बे तू?" मी म्हटलं. "काय घंटा समजला! मेलेली होती म्हणून बोलली नाही ती, रडून पदर भिजला तिचा, तू मान वर करून पाह्यलं का? आन शनिवारी सकाळपासून अंधार पडेपर्यंत अथी, या खोलीत बसून होती, तुह्या गाडीची वाट पाहत. हौ म्हणायले बसली होती! एकदा चुकला त दुसऱ्यांदा विचारता येत नव्हतं का तुले?"

बोलली आन मले समजलं, मी काय केलं ते. त्याच्या तोंडावरचा रंगच उतरला. हातातला चहाचा गिलास त्यानं खाली ठेवला, मंग परत उचलला, मंग परत ठेवला. बाहेर रस्त्यावर कोणीतरी भाजीच्या भावावरून भांडत होतं. तो मागच्या खोलीच्या दाराकडं पाहत राह्यला, आत नुसता कापूस होता.

"दिवसभर?" त्यानं विचारलं.

"दिवसभर."

मंग, जसं आताच कोणी उपाशी घरातून निघून गेलं असावं, तसं त्यानं विचारलं, "जेवली होती का?"

मी खोटं बोलायले पाहिजे होतं. "नाही," मी म्हटलं.